सैल

प्रणोती, मंगळवारी तुझी पहिली खेप, म्हणून सांगते.
कारेलीबागेत, फरसाणाच्या दुकानावर, दुसरा मजला.
लिफ्ट आहे, पण बंद असते.
दांडियाबझारातून सतरा स्पीडब्रेकर लागतात,
मी प्रत्येकाला ओळखते,
टाकीजवळचा सगळ्यांत दुष्ट.
रिक्षानं जा. स्कूटरचा हट्ट नको.

पहिल्या दिवशी ती हात लावत नाही,
नुसतं विचारते.
बिजलबेन, माझ्याहून बारा वर्षांनी लहान,
टेबलावर प्लास्टिकची कटी,
पसरलेली हाडं, आणि मध्ये लाल रबरी स्नायू
झोळीसारखे बांधलेले.
बसताना दुखतं? लघवीला? शौचाला?
नवऱ्याबरोबर?
मी पंख्याकडे बघत राहिले.
आपल्याकडे त्या जागेला धड शब्दच नाही ना गं.
आई म्हणायची, खाली.
खाली धुतलंस का, खाली दुखतंय का,
जणू तळमजल्यावर कुणी भाडेकरू राहतो
आणि त्याच्याशी आपलं बोलणं नाही.

मी म्हटलं, दोन बाळंतपणं झाली, सैल पडलं असेल.
कुठंतरी वाचून वर्षभर आवळतच होते मी,
पोळ्या लाटताना, बँकेच्या रांगेत, सिग्नलला.
ती हसली नाही.
ढीलुं नथी, चारूबेन, टाइट छे.
स्वतःची मूठ वळून दाखवली:
ही चार वर्षं अशीच धरा,
मग विचारा, मूठ का दुखते.

तपासते ती पुढच्या खेपेला, आधी विचारून.
नको म्हटलंस तर नको.
मी एकदा म्हटलं,
तर चाळीस मिनिटं आम्ही दोघींनी नुसता श्वास घेतला.
पैसे तेवढेच.
पडदा, चादर, हातमोजा,
एकच बोट आणि एकच प्रश्न: इथे?
दाबलं की कळ कधी मांडीत जाते, कधी बेंबीपाशी,
आणि कधी
(हे मला कुणी सांगितलं नव्हतं)
घशात.
रडू आलं तर येऊ दे.
टिश्यूचा डबा उशाशीच असतो,
म्हणजे तू काही पहिली नव्हेस.

ढीलुं मूको, म्हणते. ढीलुं मूको, बेन.
सोडायचं कसं ते ठाऊक असतं
तर इतकी वर्षं धरलं असतं कशाला?
श्वास पोटात घे, पोटाच्याही खाली ने.
मग काहीतरी उतरतं,
मळून झाकून ठेवलेली कणीक पसरते तसं,
क्षणभर.
पुन्हा मूठ.
त्या क्षणभराचे साडेसातशे रुपये.

घरचा अभ्यास असतो, पाय भिंतीला टेकून पडायचं,
दोन्ही वेळा दहा मिनिटं.
सासूबाईंनी विचारलं, कंबर का गं?
मी हो म्हटलं.
तिसऱ्या आठवड्यात त्यांनी शेजारी चटई घातली,
पातळ नीट केलं, पाय वर घेतले,
आणि छताला म्हणाल्या,
मलाही कंबरच आहे. धाकट्याच्या वेळेपासून.
धाकटा आता एकेचाळीसचा.
मी काही बोलले नाही. काय बोलणार होते?
दहा मिनिटं झाली तरी दोघी उठलो नाही.

दर वेळी ती आकडा विचारते, दहापैकी किती.
पहिल्या दिवशी मी पाच म्हटलं,
परक्याकडे अर्धाच कप चहा मागतो तसं.
गेल्या शुक्रवारी आठ म्हटलं.
दुखणं वाढलं नव्हतं.
तिनं वहीत आठ लिहिलं
आणि मागचं पान उलटून
पाचाशेजारी एक बारीक प्रश्नचिन्ह काढलं.

बरी झाले का? नाही.
पण परवा सिनेमाला मध्यंतरापर्यंत
दोन्ही बाजूंवर सारखी बसले होते,
नंतर एका.
ती म्हणते, अजून चार महिने, कदाचित सहा.

घेराचा परकर नको, सैल सलवार घाल.
बाहेरच्या बाकावर एक बाई बसलेली असेल,
मासिक उलटं धरून.
तिला सरकायला सांगू नकोस, तिला तशीच बसायला जमतं.
उतरताना भाकरवडी घे,
तिखट नसते त्यांच्याकडे, पण गरम मिळते.