नात्याचा रकाना

स्प्रिंगडेलच्या वाचनालयात दर शनिवारी
दहा ते एक मी फॉर्म भरून देते.
सरकारी मदतीचे, कॉलेजला जाणाऱ्या पोरांचे.
पाटीवर लिहिलंय: मोफत.
खाली कुणीतरी पेन्सिलीनं: पण वेळ लागेल.

नेइजोन आली ती मावशीला घेऊन.
हेर्मिना रात्रपाळीवरून थेट आलेली,
पांढरे गमबूट प्लास्टिकच्या पिशवीत,
बोटं अजून सुरी धरल्यासारखी वाकलेली.
रात्रीत किती कोंबड्या होतात, मी उगाच विचारलं.
मोजत नाही, म्हणाली. मोजलं की हात अडखळतो.

पहिली पानं सरळ गेली.
नाव, जन्मतारीख, जन्मस्थळ:
एक बेट, नकाशावर
माशी बसली तर झाकून जाईल एवढं.

मग आले पालक.
"मीच की," हेर्मिना म्हणाली
आणि खुर्ची पुढं ओढली.

त्यांच्या भाषेत आईच्या बहिणीलाही आईच म्हणतात.
फॉर्मकडं मात्र शब्दांची चैन आहे:
जन्मदाते, सावत्र, दत्तक घेणारे,
कोर्टानं नेमलेले.
दीड वर्षाची मांडीवर घेऊन
तीन विमानं बदलून आणली,
गोवरात रात्रभर पुसून काढली,
बस चुकली की पायी शाळेत सोडली,
याला रकाना नाही.

मी सांगितलं, मावशी चालत नाही.
माय मरो पण मावशी जगो म्हणणाऱ्या भाषेत
वाढलेली बाई मी.
बरं झालं, ते वाक्य इंग्रजीत बोलले.

हेर्मिनानं खुर्ची मागं घेतली नाही.
फक्त पिशवी एका पायाशेजारून
दुसऱ्या पायाशेजारी ठेवली.

मग बेटावर फोन.
आमचा शनिवार अर्धा सरलेला,
तिथं रविवार उजाडत होता,
कोंबडा आरवला, खराखुरा, जिवंत,
आणि हेर्मिना पहिल्यांदा हसली.
जन्मदात्या आईनं विचारलं,
कमाई काय सांगू? शिंपल्यांचे तीन हार विकले,
एकाचे पैसे यायचेत.
शून्य लिहिलं.
खात्री आहे का, पडद्यानं विचारलं.
पुन्हा शून्य लिहिलं.

दोघी बहिणी मग बराच वेळ बोलल्या.
मला एक अक्षर कळलं नाही.
नेइजोन नखं खात ऐकत होती,
एकदा डोळे पुसले, एकदा फिसकन हसली.
"काय म्हणतायत?"
"ती म्हणतेय, सही मी करीन,
पण पोरगी कुठं शिकणार ते तू ठरव.
ही म्हणतेय, पोरीलाच विचार."
मला कुणी विचारलं नाही,
तरी मी माउस हातातून सोडला.

एकला पाच मिनिटं कमी असताना
प्रिंट काढली. सही तिकडून येईल,
नेट असेल त्या दिवशी.
हेर्मिनानं कागद उलटसुलट पाहिला.
माझं नाव कुठंय?
मी ओठ चावून गप्प.

नेइजोननं बोट ठेवलं पहिल्या पानावर,
तिसऱ्या ओळीवर.
घर क्रमांक. गल्ली. पिन.
"पत्ता तुझाच आहे ना."

हेर्मिनानं तो आकडा
दोनदा वाचला, चूक नाही ना बघायला.
मग गमबुटांची पिशवी उचलली.
संध्याकाळी पुन्हा पाळी होती.