पत्ता तेवढा

पोस्टात सुटे नव्हते,
म्हणून रुपयाला दोन कार्डं घ्यावी लागली.
खिडकीतली बाई म्हणाली, "न्या की, एक चुकलं तर असू दे."

मी वजनकाटे तपासतो.
कारखान्यांचे, गिरण्यांचे, सोनारांचे नाजूकसुद्धा.
आज दिवसभर मार्केट यार्डात, गुळाच्या रव्यांत.
शर्टाला गोड वास, माश्या कोल्हापूरभर माझ्या मागं.

जाईन त्या गावाहून अक्काला एक कार्ड टाकतो.
तिला वाचता येत नाही. रज्जाक पोस्टमन
ओट्यावर बसून वाचतो, तेही मोठ्यानं,
समोरच्या कासारणीला ऐकू जाईल असं.
म्हणून लिहितो ते सगळं गावाला चालण्याजोगं:
इथं थंडी आहे. भाकरी बरी मिळते. ढोपर दुखत नाही.

मुंजाबद्दल कार्डावर कधी लिहिलं नाही.

बापाशी भांडून गेला त्याला सहा वर्षं झाली.
त्याची चौथीची वही अक्कानं पत्र्याच्या पेटीत ठेवलीय.
काढते, बघते.
'ग'ची काठी ओळ सोडून खाली उतरलेली,
दाव्यासकट सुटलेल्या वासरासारखी.
हजार पाट्यांत ओळखीन म्हणते.

संध्याकाळी गंगावेशीत दूध प्यायला गेलो.
म्हशी रांगेनं उभ्या, शिंगांना तेल.
पेला पुढं करणारा हात आधी ओळखला,
आखूड करंगळी. कडबा तोडताना गेली होती.
"मामा," म्हणाला,
मग बराच वेळ म्हशीशीच काहीतरी पुटपुटला.
मग, "बसा की."
बोलण्यात कोल्हापूर भरलेलं.

घरी चल, असं मी म्हणालो नाही.
कार्ड काढलं. म्हटलं, मजकूर मी लिहीन,
चष्मा लॉजवर राहिलाय, पत्ता तेवढा तू घाल.
चष्मा माझ्या वरच्या खिशात होता.
त्याला दिसत होता.

हात पुसून त्यानं कार्ड मांडीवर घेतलं
आणि लिहिलं:
सौ.
टिंब जोर लावून दिलं.

मी त्या टिंबाकडं बघत राहिलो.
काटा कुठं थांबला ते सांगायचं,
आयुष्यभर एवढंच तर काम केलंय मी.

"मुंजा, श्रीमती लिही."

कुणीतरी अर्धा लिटर मागितलं.
तो उठला, माप भरून दिलं,
उरलेले पैसे दोनदा मोजले.
परत येऊन बसला.
"कधी?"
"माघात. तुझा पत्ता नव्हता कुणाकडं."
"मडकं?"
"तुझ्या चुलत्यानं धरलं."

मी दुसरं कार्ड दिलं.
श्रीमती गयाबाई.
काठी तशीच, खाली उतरलेली.
पिनकोड त्याला आठवेना. मी एकेक आकडा सांगत गेलो
आणि तो लिहायच्या आधी प्रत्येक आकडा
शाळेतल्यासारखा पुन्हा म्हणत होता.

चुकलेलं कार्ड त्यानं मागून घेतलं.
मला वाटलं फाडेल.
रतिबाच्या वहीत ठेवलं, वही कमरेला खोचली
आणि पुढच्या म्हशीखाली जाऊन बसला.

रात्री लॉजवर मजकूर लिहिला:
गुळाला भाव चांगला आहे. इथलं दूध घट्ट.
पुन्हा या गावाला काम निघेलसं दिसतं.
तुझा भाऊ.

सकाळी पेटीत टाकलं.
पडल्याचा आवाजही आला नाही, पेटी भरलेली असावी
किंवा तळाला पालापाचोळा.

सांगलीच्या गाडीत बसल्यावर सुचलं:
रज्जाकला सांगायला हवं होतं,
वाचून झालं की कार्ड
पत्त्याची बाजू वर करून तिच्या हातात दे.
पण तेही कार्डावरच लिहावं लागलं असतं.