भात लावणी, तिसरी बॅच

केशरी कागदी पट्टा मनगटाला चिकटवत मुलगी म्हणाली,
भिजला तरी चालतो, तुटला तर नवं तिकीट.
आठशे नव्व्याण्णव माणशी. पिठलं-भाकरी अनलिमिटेड.
तळोज्याच्या पुढे, कंपन्यांच्या भिंती संपतात तिथे
कमानीवर सिमेंटचे दोन बैल,
डावीकडच्याच्या शिंगावर कॅमेरा.

फायबरच्या गाईला रबरी सड.
पिळले की पांढरट पाणी येतं.
रेणूनं विचारलं, हिचं वासरू कुठंय?
पोरगा म्हणाला, वासरू प्रीमियममध्ये आहे, दीदी.

खरा बैल एकच, शेऱ्या.
गाडीला दोन फेऱ्या मारतो
आणि सेल्फी पॉइंट आला की
कुणी न सांगता थांबतो,
मान थोडी उजवीकडे.

मग लावणी.
भर नोव्हेंबरात, साडेबारा ते पाऊण,
निळ्या ताडपत्रीवर वीतभर चिखल,
गमबूट भाड्याने, पन्नास डिपॉझिट.
छातीवर नावाची पट्टी लावलेली बाई:
सुगंधा घरत, अ‍ॅक्टिव्हिटी असिस्टंट.
अंगठा आत दाबायचा, बोटं सोडायची,
आणि चालायचं मागे मागे, म्हणाली,
या कामात पुढं बघून चालत नाय.
मी एक रोप लावेपर्यंत तिची सात झाली होती,
तीही बोलता बोलता, एका हाताने,
दुसऱ्या हाताने कुणाचा तरी मोबाइल सांभाळत.

रेणूनं केसांतला निळा रबर काढला
आणि आपल्या रोपाला बांधला.
आता हे माझं.

जेवलो. ट्रॅक्टरवर बसलो. रेन डान्समध्ये
कुणाच्या तरी ऑफिसची पंचवीस माणसं
एकाच रंगाच्या टी-शर्टात भिजत होती.
निघताना रेणू म्हणाली, माझ्या रोपाला टाटा करायचाय.

ताडपत्री रिकामी होती.
सुगंधाबाई उकिडवी बसून
उपटलेल्या रोपांच्या जुड्या टबात ठेवत होती,
मुळं पाण्यात, शेंडे एका रेषेत.
उद्या दहाला पहिली बॅच हाय ना.
हीच?
हीच. रोज पाच येळा लावतान, पाच येळा उपटतो आमी.
आठ दिसांनी पिवळी पडली का शेऱ्याला.
मग भात कधी येतो? रेणूनं विचारलं.
यांना नाय येत गो बाय.

रेणूचा ओठ हलायला लागला, तेव्हा ती उठली.
हात साडीला पुसले. आजूबाजूला पाहिलं.
चल, म्हणाली, बूट घाल.

जनरेटरच्या मागे, संडासाच्या पाइपाखाली
दरवाजाएवढा ओला तुकडा.
त्यात रोपं, लहान मोठी, काही पोटरीला आलेली,
काहींच्या लोंब्या वाकलेल्या.
एकाला केसांची पिन.
एकाला चॉकलेटचा सोनेरी कागद.
एकाला आपल्यासारखाच केशरी पट्टा, वरचं नाव धुतलेलं.
कडेला नुकतं खोचलेलं एक, निळ्या रबराचं.

खूण केलेलं टाकवत नाय, ती म्हणाली.
पोरं येतात का परत बघायला?
कुठली. सायबाला सांगू नको.
गेल्या साली पावशेर निघालं.
मग?
मग काय, शिजवलं, खाल्लं.
बरा होता.

एवढंच. जनरेटर सुरू झाला
आणि पुढचं काही ऐकू आलं नाही.

गेटवर टॅब पुढे केला एका हसऱ्या मुलानं.
आज सर्वांत जास्त काय आवडलं?
बैलगाडी, ट्रॅक्टर, जेवण, रेन डान्स.
रेणूनं माझ्याकडे पाहिलं.
मी रेन डान्सवर बोट ठेवलं,
पाच तारे दिले.

कोपरखैरणे येईपर्यंत
तिचे मोकळे केस एसीच्या वाऱ्यानं
सारखे तोंडात येत होते.
दोनदा विचारलं, रुमालानं बांधू का?
नको म्हणाली.