विरजण

हळकुंड मोडलं की आवाजावरून सांगतो मी
राजापुरी का सेलम, किती दिवस वाळलंय,
पोत्यात वर एक आणि तळाला दुसरं तर नाही ना.
वीस वर्षं सांगलीच्या मार्केट यार्डात
सौद्याच्या मागं वही घेऊन फिरतोय.
शर्टाला, कानाच्या पाळीला, पगाराच्या पाकिटाला
तोच पिवळा वास.
आणि घरात हळदीचा डबा कुठला
हे परवा फोन करून विचारावं लागलं.

तसं आमच्यात वाटून घेतलंय सगळं.
लग्न झाल्या झाल्या नाही, पोरगी झाल्यावर,
एका भांडणानंतर, ज्यात एक परात
कायमची वाकडी झाली. अजून डुगडुगते ओट्यावर.
भांडी माझी, बाजार माझा, दळण माझं.
स्वयंपाक विजयमालाचा, गुरुवार सोडून.
गुरुवार म्हणजे खिचडी.
यार्डात महिपती तोलाईवाला हसतो,
"भांडी घासतोस व्हय रं?"
घासतो की, म्हणतो मी,
जरा मान वर करूनच.

यंदा मिरजेच्या दवाखान्यानं तिला
ट्रेनिंगला पुण्याला पाठवलं. नऊ दिवस.
"यादी करून ठेवू?"
"यादी कशाला? मला काय येत नाही?"
ती बोलली नाही.
बॅगेची चेन लावली, उघडली, परत लावली.

शनिवारच्या बाजारातून वांगी आणली कृष्णाकाठची,
देठाला काटे, पोटात बी नाही.
भरली. जमली. फोटो पाठवला.

मग रात्री नऊला, कणीक मळून झाल्यावर, गॅस संपला,
आणि दुसरी टाकीही रिकामीच निघाली.
तांदळात सोंडे झाले.
पोरीला शाळेत तपकिरी कागद न्यायचा होता,
"मी सांगितलेलं की," ती म्हणाली,
"कुणाला?"
"आईला."

ओट्याशी उभा राहून हिशोब घातला,
वहीवाला माणूस आहे, दुसरं काय येतं.
भांडी माझ्या वाट्याला आली होती,
साबण संपत आलाय हे तिच्या.
पिशवी मी उचलायचो,
पिशवीत काय यायचं ते ती वाहायची,
रात्रपाळीत, बसमध्ये, झोपेतसुद्धा बहुतेक.
वाटणी करताना हे कुठल्याच पारड्यात
घातलं नव्हतं आम्ही.
वजन नव्हतं ना त्याला.

सहाव्या दिवशी आम्ही दोघांनी
साखर घालून दही खाल्लं, वाटी चाटूनपुसून.
रात्री दूध कोमट केलं
आणि चमचा हातात धरून उभा राहिलो.
लावायला काही नव्हतं.
बारा वर्षं रोज कुणीतरी
एक चमचा आधी बाजूला काढत होतं
आणि मला वाटायचं
दही फ्रीजमध्ये असतं.

वाटी घेऊन खाली गेलो, मुलाण्यांच्या दारात.
फैमिदावहिनी म्हणाल्या, "लाजताय काय? तुमचंच आहे हे.
पुराचं पाणी उतरल्यावर घरात चिखल आणि आम्ही,
तेव्हा वहिनींनी विरजण दिलेलं.
तेच चालूय."
जिना चढताना वाटीवर हात धरला,
लाइट गेल्यावर दिव्याला धरतो तसा.
लोक म्हणतात, विरजण पडलं.
वाईट अर्थानं का म्हणतात, कुणास ठाऊक.

ती आली. चप्पल काढायच्या आधी फ्रीज उघडला.
बोटानं चाखलं.
"आंबट झालंय जरा."
मी काही सांगितलं नाही.
फैमिदावहिनींनी सांगितलं असणार,
कारण रात्री ती दूध न बघताच झोपली.

मी करंगळी बुडवली. फार गरम.
थांबलो. परत बुडवली.

साबण आणलाय. टाकी नोंदवलीय.
तांदळात घालायला कडुलिंबाचा पाला मात्र
अजून राहिलाय.
ती आठवण करत नाही.
बघतेय.