कोअर नाही

कालामापासून चार तास वर,
पत्र्याची लांब शेड. मांडण्यांवर डबे,
डब्यांत दगडाच्या कांड्या,
उसासारख्या पेरापेरांशी मोडलेल्या.
एदुविना कोल्के त्यांना पाणी पाजते.
कोरडा दगड तोंड उघडत नाही, म्हणते,
आणि स्पंज फिरवते.
मग राखाडीतून वर येतात
पांढऱ्या गारेच्या शिरा, शिरांना छेदणाऱ्या शिरा.
थोरली कोण, धाकटी कोण?
जी कापते ती धाकटी.
एवढा एक नियम पुरतो तिला
साडेतीन कोटी वर्षं मांडायला.

तेव्हा खाली वितळलेला खडक निवत होता.
निवता निवता त्याला घाम फुटला :
खारं पाणी, उकळीच्याही पलीकडचं,
पोटात तांबं विरघळवलेलं.
वरच्या खडकाला ते पेलवेना. तडकला.
पाणी तडीत शिरलं, थंडावलं,
ओझं टाकून पुढे गेलं.
तड बुजली. पुन्हा तडकला.
किती वेळा, ते मोजायला
एदुविनाकडे सहा रंगांच्या पेन्सिली आहेत.

लिसान्द्रो तोकोनास नवा आहे.
पहिल्याच आठवड्यात भिंगाखाली पिवळं काही चमकलं
आणि तो ओरडला.
तिनं चाकूचं टोक टेकवलं.
सोनं असतं तर दबलं असतं,
याचा भुगा झाला, हिरवट काळा.
सुवर्णमाक्षिक. नावातच तेवढं सोनं.
पण टाकू नकोस, ती म्हणाली,
आपला पगार यातूनच निघतो.

आणि सोनं?
आहे. टनामागे अर्धा मासा.
जांभळ्या खनिजाच्या कणात असं लपलेलं
की डोळ्याला नाही, भिंगाला नाही,
फक्त भट्टीला दिसतं.
म्हणून ती करवतीनं कांडी उभी चिरते.
अर्धी प्रयोगशाळेत जाते,
तिथं तिचं पीठ होतं, आकडा होतो.
अर्धी इथंच राहते, डब्यात,
चिरलेली बाजू वर करून.

डोंगराचा माथा मात्र हिरवा आहे.
कल्हई उडालेल्या भांड्यात
कोणी ताक ठेवून विसरून जावं,
तसा कळकलेला.
कधीकाळी इथं पाऊस पडत होता.
गंधकाशी भेटून तो आंबट झाला,
वरचं तांबं धुऊन खाली नेलं त्यानं,
आणि जुन्या पाण्याच्या पातळीशी
काळ्या जाड सायीसारखं साठवलं.
मग पाऊस थांबला.
एदुविनाच्या गावात छपरांना पन्हळ नसते.
लहानपणी तिनं पाऊस पाहिला तो दोनदा,
आणि या दगडात, दोनशे मीटरवर, बोटभर जाडीचा.

बोअर एकशे सतरा. खोली चारशे बारा.
इथं डब्यात कांडी नाही,
लाकडाचा ठोकळा आहे.
त्या रात्री यंत्रावर तिचा भाऊ फेर्मीन होता.
तो सांगतो, दांडा आपोआप खाली गेला,
तीन मीटर, कुणी पायरी काढून घ्यावी तसा.
खाली सोडलेलं पाणी परत आलं नाही.
त्यानंतर तो दिवसपाळीच मागून घेतो.

सान्तियागोहून फोन येतो :
वरचा आकडा घ्या, खालचा घ्या,
मधली सरासरी भरा. नकाशात भोक बरं दिसत नाही.
ती हो म्हणत नाही, नाही म्हणत नाही.
वहीत रकाना कोरा सोडते.
भेग असेल, माती असेल,
असेल तिथंच सगळ्यात श्रीमंत शीर,
किंवा नुसता अंधार, तोही ओला.
मला काय माहीत, ती लिसान्द्रोला म्हणते,
आणि तुला काय माहीत.

संध्याकाळी वारा पत्र्याला वाजवू लागतो.
शेवटचा डबा. स्पंज बुडवून
ती ओळीनं फिरवत जाते,
दगड, दगड, दगड,
आणि हात थांबत नाही म्हणून ठोकळ्यावरूनही.
लाकूड गडद होतं.
पेन्सिलीनं लिहिलेलं तिचंच अक्षर वर येतं :
४१२ ते ४१५. कोअर नाही.
ती क्षणभर वाकून बघते,
जणू तिथंही एखादी शीर दिसेल.