जोडी

शारजाच्या पक्षीबाजारात दुकानदार म्हणाला, जोडी आहे.
एक राखाडी, एक फिका पिवळा,
गालांवर दोघांच्याही केशरी ठिपका,
कुणी नुकताच गालगुच्चा घेतल्यासारखा.
मन्सूर परकारने घासाघीस करून घेतले,
वर लाकडी खोका फुकट मागितला, अंड्यांसाठी.

सहा महिने वृंदा गुहागरहून विचारत राहिली,
घातली का?

मग जुनी पिसं झडली, नवी आली,
आणि एका शुक्रवारी दोघेही शीळ घालायला लागले,
खांदे उचलून, छाती काढून,
वॉशिंग मशीनच्या गोल काचेतल्या
कुठल्याशा तिसऱ्यासाठी.
मन्सूर म्हणाला, फसवलंन् रे आपल्याला.

आता वाट्या दोन.
भांडण फक्त वरच्या दांडीवरून, तेही एसी बंद पडला की.
एरवी राखाडी मान वाकवतो,
पिवळा त्याची शेंडी विंचरतो,
आणि मध्येच, काही कारण नसताना, चावतो.

खोका टाकवला नाही.
मन्सूर त्यात पैसे पाठवल्याच्या पावत्या ठेवतो.
वृंदाला मी अजून सांगितलेलं नाही.
काल तिने पिल्लांची नावं सुचवली.

काळोखात दचकतात, पंख आपटून रक्त काढतात,
म्हणून झिरोचा बल्ब रात्रभर चालू.
पिवळा मायक्रोवेव्हची शिट्टी शिकलाय, राखाडी खोकला.
पहाटे तीनला खोलीत कुणी खोकतं,
मी झोपेतच म्हणतो, पाणी पी रे.

मन्सूरची या महिन्यात रात्रपाळी आहे.