सात दाबला की दोन

सावद्याच्या काट्यावर रात्री सव्वाला
सात दाबला की दोन उमटतो.
दर वेळी नाही. सात-आठदा बरोबर, मग एकदा दोन.
बाहेर केळीने लादलेला ट्रक, दिल्लीचा,
ड्रायव्हर टायरांवर काठी मारत फिरतोय.

‘चीक गेला असंन, दुसरं काय र्‍हाणार,’ लीलाधर नेहेते म्हणतो.
आमच्याकडे काहीही अडलं की केळीचा चीक:
कुलूप, चेन, सोयरीक.

कळा उपसल्या. चीक होताच,
एंटरखाली तर काळा थर, नखाने निघेना.
थिनर, जुना टूथब्रश, पुन्हा एकेक कळ जागेवर.
सात. सात. सात. सात.
दोन.

मग चार तारा. वीज, अर्थिंग, आणि उरलेल्या दोन:
एकीवर ठोका, एकीवर मजकूर.
ठोका पडेल त्याच क्षणी मजकुराकडे बघायचं.
एका कळीचे अकरा ठोके.
एक निसटला की मागचे सगळे एकेक घर पुढे सरकतात,
हजेरीला एक पोरगं आलं नाही
आणि मागच्याने त्याच्या नावाला ‘हजर’ म्हणून टाकावं,
मग त्याच्या मागच्याने, तसे.
पावतीच्या पाठीवर मांडून पाहिलं:
सातातला पहिला बिट गळाला
तर उरतो तो नेमका दोन.
पडताळणीचा बिटही जुळतो.
बोर्डाला शंका यावी कुठून.

पण निसटतो कधी?
मीटर धरून बसले. लीलाधरने चहा आणला,
बशीत ओतून निववला,
आणि शेजारच्या पिकवणीच्या खोलीत
आखाजीला बसवलेला कॉम्प्रेसर घुर्र करून उठला.
ट्यूब क्षणभर मिणमिणली.
दोन.

ठोक्याच्या तारेला वर धरून ठेवणारा रेझिस्टर
मी लावलाच नव्हता.
दोन वर्षांपूर्वी, याच टेबलावर,
‘चिपच्या आत आहे की, चालेल’ म्हणाले होते.
भुसावळची शेवटची एसटी गाठायची होती.

डब्यात सापडले दोन: पिवळा, जांभळा, लाल.
डाग दिला. राळेचा धूर डोळ्यात.
कॉम्प्रेसर उठला, बसला, उठला.
सात.

ड्रायव्हर पावती घेऊन गेला, न वाचता.
लीलाधरने आखाजीपासूनचा गठ्ठा काढला,
बोटाला थुंकी लावून उलटू लागला.
‘ताई, यातले खरे दोन कोणते?’